भिंत कोणाची, चित्र कोणाचं?

१९४१ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला एक सतरा वर्षांचा मुलगा प्लंबिंग शिकायला म्हणून कॉलेजात दाखल झाला. प्रवेशाच्या अर्जासोबत त्याने बॉयलर रूमची ड्रॉइंग्ज जोडली होती. शाळेत असताना बॉयलर पेटवायचं काम त्याच्याकडे असायचं, त्यामुळे पाइप, व्हॉल्व्ह, शेगडी हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. मेकॅनिकलवाल्यांनो, फार खूश होऊ नका! कारण पहिल्याच वर्षी त्याने संध्याकाळचा चित्रकलेचा वर्ग लावला आणि प्लंबिंग राहिलं ते राहिलंच. या मुलाचं नाव जॉन बिगर्स. पुढे त्याने एका विद्यापीठाच्या आख्ख्या कॉरिडॉरच्या भिंती आपल्या विद्यार्थ्यांकडून रंगवून घेतल्या.

सार्वजनिक भिंतीवरची चित्रं, आणि त्यातही आफ्रिकेच्या वारशातून आलेली, हा विषय आपल्या मासिकात कुठून आला असं तुम्ही म्हणाल. सांगते. आपल्याकडे 'भिंत रंगवली' म्हणजे एकतर डिस्टेंपर, नाहीतर 'येथे लघवी करू नये'. फार तर गॅदरिंगच्या वेळी कोणीतरी एखादं चित्र काढतं आणि पुढच्या सुट्टीत ते पांढरं होतं. कोणालाच फारसं वाईट वाटत नाही. पण जगात असे लोक आहेत ज्यांनी एका भिंतीसाठी भांडणं केली, मैत्री तोडली, बुलडोझर थांबवले. असं काय असतं एका भिंतीत?

बिगर्स ज्या कॉलेजात गेला ते हॅम्प्टन इन्स्टिट्यूट हे कृष्णवर्णीयांसाठीचं कॉलेज होतं. संध्याकाळचा वर्ग घेणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड हे ऑस्ट्रियाहून हिटलरच्या तावडीतून निसटलेले ज्यू शिक्षक. त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. कॉलेजच्या संग्रहालयात आफ्रिकेतल्या लाकडी मूर्ती, मुखवटे, कुबा लोकांच्या वस्तू असं बरंच काही होतं. ते त्यांनी वर्गात आणून मुलांसमोर ठेवलं. मुलांना ते सुरुवातीला कुरूप वाटलं! आपल्याच पूर्वजांची कला आणि ती बघून मान खाली जावी, हे गुलामगिरीने केलेलं खरं नुकसान. लोवेनफेल्ड यांचं म्हणणं होतं की दुसऱ्याच्या नजरेने स्वतःकडे बघणं आधी थांबवा. बिगर्सच्या बाबतीत जमीन थोडी तयार होती, कारण त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक पूर्वी आफ्रिकेत मिशनरी होते आणि तिथल्या लोकांबद्दल आदराने बोलायचे.

(आपणही फार शहाणे नाही. खडकी म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, तिथे जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी सिव्हिलवाल्यांना माहीत असेल. ती बांधणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता, हे किती जणांना आठवतं?)

१९४९ साली बिगर्स टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात चित्रकला विभाग सुरू करायला गेला. तिथलं विद्यापीठ नुकतंच निघालं होतं आणि त्याच्या जन्माची कथा ऐकण्यासारखी आहे. १९४६ साली हेमन स्वेट नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाने टेक्सास विद्यापीठाच्या लॉ कॉलेजात प्रवेश मागितला. त्याला गोऱ्यांच्या शेजारी बसवावं लागू नये म्हणून सरकारने १९४७ साली कृष्णवर्णीयांसाठी चक्क वेगळं विद्यापीठच काढून दिलं! तेच आजचं टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटी. (स्वेट १९५० साली सुप्रीम कोर्टात जिंकला, ते वेगळं.) शहराचं वातावरणही तसंच. १९५० साली बिगर्सच्या 'द क्रेडल' या चित्राला ह्यूस्टनच्या संग्रहालयाचं बक्षीस मिळालं, पण तिथे कृष्णवर्णीयांना ठरावीक दिवशीच प्रवेश होता आणि समारंभ त्या दिवशी नव्हता. स्वतःच्या बक्षिसाला स्वतःच गैरहजर!

ज्या गावात तुमचं चित्र आत जातं आणि तुम्हाला बाहेर ठेवतात, तिथे चित्रकला शिकवायची तर ती कुठे टांगायची? बिगर्सचं उत्तर सोपं होतं. आपल्या भिंती आहेत ना. विद्यापीठाच्या हॅना हॉल या प्रशासनाच्या इमारतीचे कॉरिडॉर त्याने घेतले आणि नियम केला की चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षी तिथे एक भित्तिचित्र काढायचं. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टसारखंच, फक्त ब्लॅकबुक कपाटात जातं आणि हे सगळ्यांच्या नाकासमोर राहतं. फी भरायला आलेला मुलगा, फाइल घेऊन चाललेला क्लार्क, पालक, शिपाई, सगळे परीक्षक. अशी शंभराहून जास्त चित्रं तिथे जमा झाली. शहरातली कष्टकरी माणसं, चर्च, नाच, ढोल, आफ्रिकन मुखवटे, बायकांच्या डोक्यावरची ओझी, काय काय आहे त्यात. सगळीच थोर आहेत असं नाही, काही अगदी विद्यार्थ्यांचीच वाटतात. मला तर तेच आवडलं. चांगलं झालं तरच भिंतीवर घेऊ असं म्हटलं असतं तर तो कॉरिडॉर कधीच भरला नसता.

स्वतः बिगर्सनेही आपली डॉक्टरेट भिंतीवरच केली. ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्ड भागात कृष्णवर्णीय स्त्रियांची 'ब्लू ट्रँगल' नावाची संस्था होती. तिच्या इमारतीत १९५३ साली त्याने अमेरिकेच्या जीवनात आणि शिक्षणात कृष्णवर्णीय स्त्रीने काय दिलं यावर मोठं चित्र काढलं. गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन त्यात आहे आणि शेतात राबणाऱ्या बायकाही आहेत. त्याचा पीएच. डी. प्रबंध याच चित्रावर आहे.

आता आफ्रिका. तोपर्यंत बिगर्सने ती फक्त पुस्तकात आणि संग्रहालयात पाहिली होती. १९५७ साली युनेस्कोची फेलोशिप मिळाली आणि तो पत्नीसह पश्चिम आफ्रिकेत गेला. घाना त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रजांकडून स्वतंत्र झाला होता. घाना, टोगो, आताचा बेनिन, नायजेरिया असा सहा महिने फिरून त्याने ढीगभर रेखाटनं केली. १९६२ साली त्यांचं 'अनान्से' नावाचं पुस्तक निघालं. अनान्से म्हणजे तिथल्या अकान लोकांच्या गोष्टींमधला चतुर कोळी, आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्यासारखा.

परत आल्यावर त्याच्या चित्रांत मुखवटे आले असतील असं आपल्याला वाटतं. आलेही. पण जास्त महत्त्वाचं घडलं ते वेगळंच. त्याला स्वतःच्या गावातल्याच वस्तू नव्याने दिसायला लागल्या. काळी लोखंडी हंडी, कपडे घासायची पन्हळी फळी, कंगवा, ऐरण, गोधडी. आणि मुख्य म्हणजे शॉटगन घर. हे दक्षिण अमेरिकेतल्या राज्यांतल्या, म्हणजे अमेरिकेच्याच दक्षिण भागातल्या, गरीब वस्त्यांमधलं घर. रुंदी एकाच खोलीची, खोल्या एकामागे एक आगगाडीच्या डब्यांसारख्या, आणि सगळी दारं एका रेषेत. पुढच्या दारातून बंदूक झाडली तर गोळी मागच्या दारातून निघून जाईल, म्हणून ते नाव, असं सांगतात. पण मला वाटतं वाऱ्याचा विचार करा. उष्ण, दमट हवेत एका दारातून आलेली झुळूक सरळ पलीकडे जाते, पंख्याची गरजच नाही. अभ्यासकांनी या घराचं मूळ हैतीपर्यंत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या घरांपर्यंत नेलेलं आहे. म्हणजे ज्या खोपटात राहायची लाज वाटत होती तोच समुद्र ओलांडून आलेला वारसा निघाला! बिगर्स स्वतः अशाच घरात जन्मला होता, ते त्याच्या वडिलांनी बांधलेलं. १९८७ च्या 'शॉटगन्स' या चित्रात अशा घरांच्या ओळीच ओळी आहेत, त्रिकोणी छपरांची नक्षी गोधडीच्या तुकड्यांसारखी दिसते आणि ओसरीत उभ्या बायकांच्या हातात एकेक छोटं घर आहे, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं धरलेलं. यातूनच प्रेरणा घेऊन १९९३ साली रिक लो या त्याच्या विद्यार्थ्याने आणखी सहा कलाकारांसोबत थर्ड वॉर्डमधली अशी २२ पडकी घरं वाचवली. 'प्रोजेक्ट रो हाउसेस' म्हणून ते काम आजही चालू आहे.

इथे जरा थांबून आफ्रिकेतल्या भिंतींकडेच बघू, कारण भित्तिचित्र म्हटलं की आपल्या डोक्यात 'एकदा काढलं की कायमचं' असं असतं, आणि तिथे तसं मुळीच नाही. बुर्किना फासो देशात तिएबेले नावाचं कासेना लोकांचं गाव आहे. तिथला राजवाडा, म्हणजे मातीच्या घरांचाच मोठा समूह, २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. घरं पुरुष बांधतात, पण भिंती रंगवणं हे बायकांचं काम आणि बायकांचंच ज्ञान. माती, शेण असं कालवून लिंपण करायचं, त्यावर तांबडा, काळा, पांढरा असे तीनच मुख्य रंग. तांबडी जांभ्याची माती, पांढरी चिकणमाती, काळे दगड, सगळं आसपासचं. त्यात त्रिकोण, जाळी, कोळी, साप, चंद्र. गुळगुळीत दगडाने घोटायचं आणि शेवटी नेरे नावाच्या झाडाच्या शेंगा उकळून काढलेल्या पाण्याचा हात द्यायचा. हेच त्यांचं वॉर्निश, पाऊस झटकण्यासाठी. काम कोरड्या दिवसांत, सगळ्या जणी मिळून, म्हाताऱ्या बायका सांगतात आणि मुली करतात. तरी चार पावसाळे झाले की रंग जातो. मग पुन्हा करायचं! शेणाने सारवणाऱ्या घरातल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. पुन्हा करावं लागतं म्हणूनच मुलींना शिकावं लागतं. पक्क्या ऑइलपेंटने रंगवलं असतं तर एका पिढीत विद्या संपली असती, असं आपलं माझं मत.

आता या दोन टोकांच्या मधली गोष्ट, शिकागोची. १९६७ च्या उन्हाळ्यात शहराच्या साउथ साइडला, ४३वा रस्ता आणि लँगली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एक जुनाट दुमजली इमारत होती, पाडायच्या यादीतली. ओबॅसी नावाच्या कृष्णवर्णीय कलाकारांच्या गटाने तिची भिंत रंगवायला घेतली. विल्यम वॉकर या साइनबोर्ड रंगवणाऱ्या चित्रकाराची त्या वस्तीत ओळख होती. परवानगी घेतली ती मुख्यतः वस्तीची, त्यात तिथल्या टोळीवाल्या पोरांचीही. सिल्व्हिया अ‍ॅबरनॅथी या मुलीने आख्ख्या भिंतीचं लेआउट केलं, जॅझ, नाटक, खेळ, साहित्य, धर्म, नेते असे भाग पाडले आणि प्रत्येकाने आपला भाग रंगवला. मधेमधे फोटोही चिकटवले. पन्नासाहून जास्त चेहरे. मोहम्मद अली, निना सिमोन, जॉन कोल्ट्रेन, माल्कम एक्स, आफ्रिकेकडे परत चला म्हणणारा मार्कस गार्वी. नाव दिलं 'वॉल ऑफ रिस्पेक्ट'.

कोणाला घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यात बसले नाहीत! ते पुरेसे जहाल वाटले नाहीत. आपल्याला हे ऐकून धक्का बसतो. पण सरकारने पुतळा उभारला असता तर पहिला त्यांचाच उभारला असता, आणि इथे फरक तोच होता. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांचा चेहरा भिंतीवर होता आणि उद्घाटनाला त्या स्वतः येऊन कविता वाचून गेल्या. गोऱ्यांच्या पुरस्कारांची कमतरता त्यांना नव्हती, पुलित्झर तर १९५० सालीच मिळालं होतं. पण आपल्याच गल्लीच्या भिंतीवर असण्याची मजा वेगळी असणार.

आणि आता भांडण. काही आठवड्यांतच नॉर्मन पॅरिश याने रंगवलेला नेत्यांचा भाग वस्तीतल्या काहींना आवडत नाही असं कारण निघालं, वॉकरने तो पांढरा करवला आणि यूजीन वेड ऊर्फ एडा या नव्या चित्रकाराकडून पुन्हा रंगवून घेतला. पॅरिशचे मित्र भडकले. ज्या गटाने भिंत रंगवली तो गटच त्यानंतर टिकला नाही. याच्यावर मी खूप विचार केला. वस्तीची भिंत म्हणायचं आणि वस्तीला नको झालं तर पुसायचं नाही, हे कसं चालेल? पण 'वस्ती' म्हणजे नक्की कोण? ज्याचा आवाज मोठा तो? आपल्या मेस कमिटीच्या मीटिंगला बसलेल्या कोणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. माझं मन पॅरिशच्या बाजूने आहे, कारण त्याला कोणी आधी विचारलं नाही.

पालिका इमारत पाडायला आली तेव्हा लोकांनी विरोध करून ती थांबवली. शेवटी १९७१ साली आग लागली आणि त्यानंतर इमारत गेलीच. पण तोपर्यंत डेट्रॉइटपासून अनेक शहरांत अशा भिंती उभ्या राहिल्या होत्या. त्या एडाने पुढे एक शहाणपणाचं काम केलं, मुद्दाम की योगायोगाने ते सोडा. १९७१ साली शिकागोच्याच माल्कम एक्स कॉलेजच्या जिन्यांमधल्या दारांवर त्याने इजिप्त आणि आफ्रिकेच्या कलेतून घेतलेली चित्रं काढली, एकूण ३२ दारं. नवीन इमारत झाल्यावर कॉलेज २०१६ मध्ये तिकडे गेलं, जुनी इमारत पडली. पण दार बिजागरीवर असतं. ती सगळी दारं काढून ठेवली गेली आणि २०१७ मध्ये शहराच्या कल्चरल सेंटरमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

भिंतीचं तसं नाही. भिंत हा चित्राचा कॅनव्हास असतो आणि शत्रूही तीच असते. विटा-गिलाव्यातून पाणी वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि मिठासारखी पांढरी पूड रंगामागे साचून पोपडे काढते. बाहेरून ऊन रंगद्रव्य फिकं करतं, लाल आणि पिवळे आधी. म्हणून आधी ओल थांबवायची, मग भिंत घासून प्राइमर, मग चौकोन आखून छोट्या चित्रावरून मोठं उतरवायचं, आणि वर संरक्षक थर. ब्लू ट्रँगलचं चित्र तर आतल्या भिंतीवर होतं, तरी २०१७ च्या हार्वी वादळात छतातून पाणी शिरलं आणि त्यावर बुरशी चढली. छत दुरुस्त केल्याशिवाय चित्राला हात लावण्यात अर्थ नव्हता. चित्र वाचवायचं म्हणजे आधी वॉटरप्रूफिंग, हे सिव्हिलच्या सरांना ऐकून बरं वाटेल.

फिलाडेल्फिया शहरात यावर एक छान तोडगा आहे. तिथे १९८४ साली भिंती खराब करणाऱ्या पोरांनाच हाताशी धरून सुरू झालेल्या कामातून आज हजारोंनी भित्तिचित्रं झालीत. चित्र थेट भिंतीवर न काढता पातळ, न विणलेल्या कापडाच्या चौरस तुकड्यांवर काढतात. प्रत्येक तुकड्यावर रेषा आणि नंबर. शाळेतली मुलं, म्हातारी माणसं, तुरुंगातले कैदीसुद्धा आपापल्या जागी बसून रंग भरतात, आणि मग ते तुकडे अ‍ॅक्रिलिक जेलने वॉलपेपरसारखे भिंतीवर चिकटवतात. परातीवर चढू न शकणाऱ्यालाही आपला तुकडा भिंतीवर बघता येतो.

बुरशीवर उपाय आहे, क्षारांवरही आहे. पण हॅना हॉलला झालं ते वेगळंच. हार्वी जॉन्सन हे बिगर्सचे विद्यार्थी, त्या कॉरिडॉरमध्ये चित्र काढून पुढे तिथेच कित्येक वर्षं शिकवलेले. बिगर्स २००१ साली वारला. २००८ साली विद्यापीठाच्या प्रशासनाने जॉन्सन यांच्या चित्रांवर पांढरा रंग फिरवला. ना ओल, ना वादळ, ना आग. ज्यांच्या इमारतीत चित्रं होती त्यांना ती पाहुण्यांसमोर नको वाटली. माजी विद्यार्थी चिडले, वर्तमानपत्रांत आलं. हॅम्प्टनच्या वर्गात मुलांना मूर्ती कुरूप वाटल्या होत्या, त्याला साठ-पासष्ट वर्षं झाली होती.

बाकीची चित्रं अजून तिथे आहेत. फी भरायला, सही घ्यायला, चुकलेलं सर्टिफिकेट बदलून घ्यायला मुलं आजही त्यांच्याच समोरून जातात.